मागे ठेवलेला आजारी सोबती

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला अमेरिकेत शॉमबर्गमधल्या त्या घरात कांदा परतल्याचा वास सुटला होता. बायबलच्या दुपारच्या शास्त्राभ्यासाला सात-आठ माणसं जेवायलाच यायची होती. वीणा ओट्यापाशी पुलावाच्या तयारीत होती आणि तिची सासू रत्ना टेबलाशी कोथिंबीर निवडत बसली होती. समोर बारा वर्षांची नात, नेत्रा, दुधातले कॉर्नफ्लेक्स खात होती. खाता खाता तिचा चमचा हवेतच थांबला. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

"नेत्रा?"

पोरगी दचकली. "व्हॉट, आजी? डोन्ट स्टेअर अॅट मी ना!"

वीणानं वळून पाहिलं नाही, पण तिचा हात थांबला होता. "झोप कमी झाली असेल," ती कढईलाच सांगितल्यासारखं बोलली.

"वीणा, गोळी बंद होऊन आज चौथा दिवस आहे."

"आई, हळू. अनिल वरच आहेत."

नेत्राला दीड वर्षापूर्वी शाळेत पहिली फिट आली. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळ्या दिल्या, आणि गेले पाच महिने फिट आली नव्हती. शास्त्राभ्यासाच्या गटानं त्या पाच महिन्यांत तिच्यासाठी मनापासून प्रार्थना केली होती. गट चालवणाऱ्या सुवर्णा पठारे काही वाईट बाई नव्हत्या. अनिल-वीणा इथं नवीन आले तेव्हा गाद्यांपासून कुकरपर्यंत सगळं त्यांनीच आणून दिलं होतं. मंगळवारी त्यांचा फोन आला. "देवानं लेकरू बरं केलंय आणि तुम्ही अजून गोळ्या देताय? म्हणजे अर्धाच विश्वास झाला की. उद्यापासून थांबवा. शनिवारी सगळ्यांसमोर त्या टाकून देऊ." बुधवारी सकाळी अनिलनं फळीवरची बाटली उचलून खिशात घातली.

आईनं विचारलं तेव्हा तो चिडला. "आई, उद्या पोरीचं लग्न करायचंय. फिट येणारी पोरगी म्हणून गावाकडे श्रीरामपूरपर्यंत बोभाटा व्हायला नको. देव शिक्का पुसतोय तर पुसू दे ना!"

बारा वर्षांच्या पोरीचं लग्न! आणि हे बोलणारा माणूस रोज कॉम्प्युटरवर मोठमोठ्या हॉस्पिटलांचं काम बघत होता.

रत्नाला बुधवारपासून तिची थोरली लेक दिसत होती. अनिलला एक मोठी बहीण होती, नैना. ती तापानं गेली असं त्याला लहानपणी सांगितलं होतं. नैना तापानं गेली नव्हती. तिला फिट यायच्या. तेव्हा घर ख्रिस्ती मंडळीत आलेलं नव्हतं. भगतानं लिंबू उतरवलं, मिरच्यांची धुरी दिली आणि दवाखान्याची वाट बंद केली. दवाखान्यात नेलं तर बाधा चिडेल म्हणाला. रत्नानं ऐकलं. नऊ वर्षांची पोर पाणी शेंदता शेंदता विहिरीत गेली. पुढं रत्ना मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. तिथं फिट येणारी लेकरं गोळ्या खाऊन दप्तर पाठीला लावून शाळेत जाताना तिनं पाहिली, आणि चादरींच्या खोलीत दार लावून ती रडली.

बावन्नाव्या वर्षी मंडळीतल्या पाळकीणबाईंनी तिला अक्षरं शिकवली. तोवर दुसरे वाचतील तेवढंच शास्त्र तिला ठाऊक होतं, आणि तिच्या मनातला देव उसाच्या फडावरच्या मुकादमासारखा होता, चुका मोजणारा. नैना ही त्यानं केलेली शिक्षाच, असं ती धरून चालली होती. स्वतः वाचायला लागल्यावर तो मुकादम हळूहळू मागे सरला. बोट ठेवून, शब्द जोडत ती वाचायची. भराभर वाचणारे ज्या ओळी ओलांडून जातात, त्या तिला ओलांडता येत नसत. नेत्रा हसायची, "आजी, यू आर बफरिंग!"

गुरुवारी अशीच वाचता वाचता ती शास्त्रातल्या, प्रेषितानं लिहिलेल्या एका पत्राच्या शेवटाला आली. अमक्याला सलाम सांग, तमका येऊन जाईल, असला मजकूर. कोणी कधी मोठ्यानं वाचत नाही. त्यात एक ओळ होती. तिथं तिचं बोट अडलं. तिनं ती ओळ चार वेळा वाचली.

तरी बोलायची हिंमत होईना. घर मुलाचं, आपण सहा महिन्यांच्या पाहुण्या. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. अनिल आणि सुवर्णाबाईच बरोबर असले तर? आपल्याच अविश्वासानं पोरीला काही झालं तर?

दुपारी जेवणं आटोपली. गाणं झालं, प्रार्थना झाली. सुवर्णाबाईंनी आजाऱ्याला लावायच्या तेलाची छोटी कुपी काढली. अनिलनं गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली. नेत्रा आईला चिकटून बसली होती.

"आज वचन मावशी वाचतील," सुवर्णाबाई मायेनं म्हणाल्या. "विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवते, तो भाग. खूण घातलीय बघा."

रत्ना उठली. खूण घातलेलं पान तिनं उलटलं. मग आणखी काही पानं.

"मावशी, पान चुकलं."

"नाही चुकलं, बाई." बोट ठेवून ती वाचू लागली. सलाम झाले, नावं झाली.

"अहो, ते शेवटचे निरोप आहेत. त्यात काय!" कोणी तरी हसलं.

"यातच आहे. ज्याचे रुमाल अंगाला लावून माणसं बरी व्हायची तो प्रेषित इथं लिहितोय की, सोबत्याला मी वाटेत आजारी ठेवून आलो." तिनं वर पाहिलं. "का ठेवून आला, बाई? त्याची प्रार्थना कमी पडली? का त्या सोबत्याचं पाप होतं? एक अक्षर दोष दिलेला नाही. मग माझ्या नातीच्या आजाराला तुम्ही विश्वासाचं माप का लावता?"

"आई, बस खाली," अनिल दात आवळून म्हणाला.

"मावशी, शंका हे सैतानाचं दार असतं," सुवर्णाबाई म्हणाल्या. आवाज मऊच होता. "उघडू नका."

"दार मी एकदा बंद केलं होतं, दवाखान्याचं. तुझी बहीण तापानं नाही गेली, अनिल. तिला फिट यायच्या. आम्ही भगताचं ऐकलं आणि ती विहिरीत गेली. तेव्हा लिंबू होतं, आता तेल आहे."

अनिलचा चेहरा पांढरा पडला. रत्नानं बाटलीकडे हात नेला. त्यानं ती आधी उचलली.

"आजी," नेत्रा म्हणाली, "समथिंग स्मेल्स बर्न्ट."

काहीच जळत नव्हतं.

पुढच्या क्षणी पोरगी खुर्चीवरून घसरली. अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले. सगळे एकदम ओरडून प्रार्थना करू लागले. कुणी तिचे हात दाबून धरले, कुणी चमचा आणायला धावलं. सुवर्णाबाई कपाळाला तेल लावत म्हणत होत्या, "निघ! प्रभूच्या नावानं निघ!"

"व्हा बाजूला!" रत्ना खाली बसली. म्हातारीच्या कोपराचा धक्का कुणाला तरी बसला. "हात सोडा तिचे. तोंडात काही घालू नका." तिनं नेत्राला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर घडी करून सारला. "वीणा, घड्याळ बघ."

एक मिनिट झालं. दोन. तीन. अनिल बाटली मुठीत धरून भिंतीला टेकला होता. चार. झटके थांबेनात. ओठ निळसर दिसू लागले.

"वीणा, फोन कर!"

"अहो, दोन मिनिटं थांबा, प्रभू..." सुवर्णाबाई म्हणाल्या.

वीणानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि अॅम्ब्युलन्ससाठी नाइन वन वन लावला.

हॉस्पिटलमध्ये नेत्राच्या नाकाला नळी होती, हाताला सुई होती. झटके थांबले होते, पण ती अजून शुद्धीवर नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी चुकली होती का?

अनिल म्हणाला, "नो. आय डोन्ट थिंक सो."

वीणानं सासूचा हात घट्ट धरला. खरं बोललं तर इथले सरकारी लोक पोरीला घरातून घेऊन जातात, हे ती अॅम्ब्युलन्समध्ये कुजबुजली होती. रत्नानं पलंगावरच्या पोरीकडे पाहिलं. खरं सांगितलं तर पोर जाईल का? नाही सांगितलं तर हे लोक तिला बरोबर औषध कसं देणार? आणि पुढच्या बुधवारी बाटली पुन्हा खिशात गेली तर?

तिनं दुसरा हात वर केला. चार बोटं. "नो गोळी. फोर डे."

"आई!"

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. त्यांनी एक फोन आणून पलंगाच्या कडेला ठेवला. त्यातून एका अनोळखी बाईचा मराठी आवाज आला. "नमस्कार आजी, मी दुभाषी बोलतेय. जे झालं ते सावकाश सांगा."

रत्नानं सांगितलं. बुधवारपासूनचं सगळं, कुणाला न वगळता. आपण चार दिवस गप्प बसलो तेही सांगितलं. अनिल खिडकीकडे तोंड करून उभा होता.

थोडा वेळ फोनवर इंग्रजीत बोलणं झालं. मग तो आवाज पुन्हा मराठीत आला.

"आजी, डॉक्टर विचारतायत, तुम्ही हे सांगितलंत म्हणून घरी तुम्हाला काही त्रास होईल का?"

रत्नानं मुलाच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ वळली नाही.

"होईल," ती म्हणाली. "तरी लिहून घ्या."