प्रवासी एक

पुढचा दोर भिंतीवरच्या तारेभोवती अडकवायला हायम डेकवरून वाकला, तोवर बोटीचं मागचं टोक सुटून फिरायला लागलं. मागे धावावं तर पुढचं सुटणार. कालव्यातल्या लॉकच्या ओल्या दगडी भिंती दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच होत्या आणि मध्ये तो एकटा, एक दोर हातात घेऊन.

“तुम्ही मागचाच धरा. बसून धरा,” वरच्या काठावरून लॉकवरची बाई इंग्रजीत म्हणाली. तिने लांब आकडी खाली सोडून पुढचा दोर उचलून घेतला. “हा माझ्याकडे राहू दे.”

“मला जमेल.”

“जमेल हो. पण गुडघ्याला कशाला त्रास?”

हायमने मागचा दोर तारेभोवती घेतला आणि बाकावर बसला. लॉकची मागची लाकडी दारं बंद झाली. दोन माणसं लोखंडी चाकं हाताने फिरवू लागली आणि खालून पाणी भरत बोट सावकाश वर चढू लागली. ही लॉकची तऱ्हा त्याला सकाळीच, स्मिथ्स फॉल्सच्या पहिल्या लॉकवर कळली होती. तिथेही एकाने न मागता दोर धरला होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण फारच म्हातारे दिसत असू.

बोट वर आली तशी त्या बाईचे बूट, मग कमरेचा पट्टा, मग चेहरा त्याच्या समोर आला. ती पन्नाशीची होती, उन्हाने नाक सोललेलं.

“माझ्या गुडघ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बोट जिथून घेतलीत त्या ऑफिसातून फोन आला होता. एकटा माणूस येतोय, डावा गुडघा खराब आहे, मदत मागणार नाही, न मागता करा.” ती हसली. “तुमच्या मिसेसनी सांगून ठेवलंय म्हणे. काळजी करतात हो तुमची.”

 वरची दारं उघडली. तिने दोर गुंडाळून त्याच्या हातात दिला. पुढे तळं होतं, दुपारपर्यंत तिथे पोचायचं त्याने ठरवलं होतं. त्याने लॉकच्या वरच्या अंगालाच, शंभर फुटांवर बोट धक्क्याला लावली, इंजिन बंद केलं आणि फोन काढला.

ऑफिसातल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं.

“हो, नोट आहे. बारा फेब्रुवारी. मिसेस सिबिल पेझारकर यांचा फोन. डावा गुडघा, स्वतः मदत मागणार नाहीत, लॉकवर कळवणे. आणि शेवटी लिहिलंय…” ती अडखळली. “मी फोन केल्याचं त्यांना सांगू नये. ओह, सॉरी.”

“फोन कोणी घेतला होता?”

“डोनाने. ती आता शुक्रवारी असेल.”

शुक्रवारीच बोट परत करायची होती. त्याने फोन ठेवला. समोर धक्क्यावर एक बदक पिल्लं घेऊन चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत तो तिकडे बघत बसला.

ही बोट त्याने अकरा फेब्रुवारीला ठरवली होती. सिबिल तेव्हा एटोबिकोच्या हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर होती आणि त्याला खुर्चीत रात्री काढून चाळीस दिवस झाले होते. त्या सकाळी डॉक्टरांनी त्याला कॉरिडॉरमध्ये नेऊन सांगितलं की आता महिन्यांचं बोलू नका, आठवड्यांचं बोला. परत आला तर सिबिल मॉर्फिनवर झोपलेली. खाली पार्किंगमध्ये बर्फ काढणारी गाडी एकसारखी खरवडत होती. काही तरी बघायचं म्हणून त्याने फोन उघडला. कुठल्याशा जाहिरातीत हिरवं, हालचाल नसलेलं पाणी होतं आणि त्यावर एक पांढरी बोट.

हायम रेवदंड्याचा. घर खाडीला लागून. पोहायला आधी शिकला, लिहायला मागून. सिबिल भायखळ्याची, आणि पाण्याला भ्यायची. टोरोंटो आयलंडच्या फेरीबोटीत एकदाच बसली होती, तीही बरोब्बर मधोमध, खांबाला हात घालून, डोळे मिटून. त्यानंतर अडतीस वर्षांच्या संसारात हायम कधी बोटीत चढला नाही. त्याची त्याने तक्रारही केली नव्हती. विमानतळाजवळच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड कापताना त्याला पाणी तसं आठवलंही नव्हतं.

पण त्या सकाळी त्याने फॉर्म भरला. आठवडा कुठला, तर जूनचा दुसरा. प्रवासी किती, तर एक. बोटाने एक दाबलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या छातीत पुरता श्वास गेला.

“काय करतोयस?” सिबिलने डोळे उघडून विचारलं.

“काही नाही. मेल बघतोय.”

चार मार्चला ती गेली. दफन झालं, ज्यू रिवाजाप्रमाणे सात दिवस लोक घरी येऊन बसले. प्रार्थनेला सगळी मंडळी जमली आणि ज्याने त्याने सांगितलं की हायमसारखी सेवा कोणी केली नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच. पण त्याला मान वर करता येत नव्हती ती वेगळ्या कारणाने. बायको जिवंत असताना, तिच्या उशाशी बसून, त्याने तिच्यानंतरचा उन्हाळा ठरवला होता. लेकीला, सारिनाला, त्याने बुकिंग एप्रिलमध्ये केलं असं सांगितलं. तरी ती चिडलीच होती. तीन महिने नाही झाले आणि तुला हॉलिडे सुचतो, लव्हालला माझ्याकडे का येत नाहीस, म्हणून.

आणि आता हे. मेलचा पत्ता दोघांचा एकच होता. सिबिलच्या उशाशी आयपॅड असायचा, त्यावर ती पत्ते खेळायची. बुकिंगचा कागद त्याच दिवशी तिथेही येऊन पडला असणार. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणजे तिला माहीत होतं. वीस दिवस माहीत होतं. हायम ते वीस दिवस एकेक करून आठवू लागला. तिने त्याच्याकडून नखं कापून घेतली होती. सारिनाला कुठल्या बांगड्या द्यायच्या ते सांगितलं होतं. तुझा गुडघा एकदा दाखवून घे रे, असं दोनदा म्हणाली होती. बोटीचा शब्द नाही.

संध्याकाळी पाच वाजता, सारिना कामावरून सुटल्यावर, त्याने तिला फोन केला.

“डॅडी? ऑल ओके? बुडला नाहीस ना?”

“नाही. सारिना, तुला एक सांगायचंय. बोट मी एप्रिलमध्ये नाही ठरवली. फेब्रुवारीत ठरवली.”

पलीकडे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. मग तो बंद झाला.

“मम्मी होती तेव्हा?”

“हो.”

“हॉस्पिटलमध्ये बसून?”

“हो.”

 हायमने तिच्या बोलण्याची वाट पाहिली नाही, कारण थांबला असता तर पुढचं सांगता आलं नसतं. त्याने आयपॅडचं सांगितलं, फोनचं सांगितलं, नोट सांगितली आणि लॉकवर जे कळवलं होतं तेही. मदत मागणार नाही, न मागता करा.

सारिना आधी हसली की रडली ते त्याला नीट कळलं नाही.

“ओ माय गॉड. सो मम्मी. आयसीयूतून परत आल्यावर तिला धड उठून बसता येत नव्हतं, आणि ही तुझ्या गुडघ्यासाठी फोन करत बसलीय.” तिने नाक ओढलं. “डॅडी, यू नो व्हॉट धिस इज? तिने तुला जा म्हटलंय. शी वॉज ओके विथ इट.”

“असं वाटतं तुला?”

“ऑफ कोर्स. नाही तर फोन कशाला केला असता?”

त्या रात्री हायम सलग सात तास झोपला.

पुढचे दोन दिवस तो तळ्यावर होता. पाण्यात खडकाळ बेटं होती, बेटांवर पाइनची झाडं आणि कुणाकुणाच्या लाकडी कॉटेजेस. तो सावकाश बोट हाकत राहिला. दुपारी नांगर टाकून डब्यातल्या माशाला नारळाच्या दुधात उकळी आणली आणि भाताबरोबर खाल्ला. “मीठ जास्त झालं,” तो मोठ्याने म्हणाला. ऐकणारं कोणी नव्हतं, तरी त्याला अवघडल्यासारखं झालं नाही. मार्चपासून सिबिलशी मनातसुद्धा बोलायची त्याला सोय उरली नव्हती, आता होती. त्याने तिला बगळा दाखवला. पाणी किती संथ आहे ते दाखवलं. इथे तू सुद्धा घाबरली नसतीस, असंही म्हणाला. परतताना लॉकवरच्या त्याच बाईने दोर धरला, तेव्हा त्याने तो निमूट तिच्या हातात दिला आणि स्वतःहून बाकावर बसला.

शुक्रवारी दुपारी तो बोट घेऊन परत आला. सारिना लव्हालहून गाडी घेऊन येणार होती. तिने रजा काढली होती, आणि सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आत दोघं तिच्या घरी पोचणार होती. अजून ती आली नव्हती. ऑफिसात काउंटरमागे पांढऱ्या आखूड केसांची एक बाई चावीची नोंद करत होती. छातीवर नाव होतं, डोना.

“फेब्रुवारीत माझ्या बायकोचा फोन तुम्हीच घेतला होता,” हायम म्हणाला.

डोनाने वर पाहिलं. नाव वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. “हो तर! विसरणं शक्य नाही. वीस मिनिटं बोललो आम्ही. कशा आहेत त्या?”

“मार्चमध्ये गेली.”

डोनाने पेन खाली ठेवलं. “आय अ‍ॅम सो सॉरी,” ती म्हणाली. आणि मग हळूच, स्वतःशी बोलावं तशी, “तरीच.”

“तरीच काय?”

“काही नाही.”

“सांगा. मला ऐकायचंय.”

तिने नोंदीची वही मिटून बाजूला ठेवली.

“गुडघ्याचं त्यांनी शेवटी सांगितलं. आधी त्यांनी विचारलं की व्हीलचेअरवरचं माणूस बोटीत चढवता येतं का. मी विचारलं, कोण आहे? तर म्हणाल्या, मी.” डोना थांबली. हायमने मान हलवली तेव्हा पुढे बोलली. “मी म्हटलं, अगदी सहज. आमच्याकडे फळी आहे, दोघंजण उचलून नेतील. मग कठडा किती उंच आहे विचारलं. केबिनमध्ये हीटर आहे का विचारलं. बोट हलते किती, तेही विचारलं. मी म्हटलं, बुकिंग एकाचं दिसतंय, दोघांचं करून देऊ का? तर जरा वेळ बोलल्याच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, आत्ता नको, आधी त्यांना विचारते.”

भिंतीवर कालव्याचा मोठा नकाशा लावलेला होता. हायमने त्यावर बोटाने आपण गेलो ते तळं शोधलं, आणि सापडल्यावरही बोट तिथेच ठेवून उभा राहिला.

तिने विचारलं होतं. त्या फोननंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. तो तिला चमच्याने जेली भरवत होता आणि ती खिडकीकडे बघत होती. “जूनमध्ये आपण कुठे जायचं का रे, हायम?” ती म्हणाली होती. “पाण्याबिण्यावर?” आणि त्याला वाटलं होतं, आपली चोरी पकडली की काय. हिला काही कळता कामा नये, एवढंच त्याला सुचलं होतं.

“आधी तू बरी हो,” तो म्हणाला होता. “मग बघू.”

“हं,” सिबिल म्हणाली होती, आणि पुढच्या चमच्यासाठी तिने तोंड उघडलं होतं.

“मी सांगायला नको होतं,” डोना म्हणाली.

“नाही. बरं केलंत.” त्याने बोट नकाशावरून काढलं. “थँक यू.”

बाहेर सारिना दोन कॉफ्या घेऊन धक्क्यावर उभी होती. तिने कॉफ्या कठड्यावर ठेवल्या आणि त्याला मिठी मारली. मार्चनंतर तिने अशी मिठी मारली नव्हती.

“रंग बघ तुझा. फुल टॅन.” ती मागे झाली. “भेटली ती बाई? जिने फोन घेतला होता?”

“भेटली.”

“सो? मम्मी काय म्हणाली तिला?”

सारिनाचे डोळे सिबिलसारखेच, थोडे बाहेर आलेले. गेल्या भेटीपेक्षा त्यांच्याखालची काळी वर्तुळं कमी झाल्यासारखी वाटत होती.

“गुडघ्याचं,” हायम म्हणाला. “तेच सगळं.”

“वीस वेळा सांगितलं असेल.” ती हसली आणि बोटाने डोळ्याची कड पुसली. “चल, मला दाखव ना बोट. आतून.”

दोघं धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. सारिना कडेला थांबली. धक्का आणि बोट यांच्यामधलं हिरवं पाणी तिने वाकून पाहिलं आणि मान हलवली.

“नो वे. मम्मी तर इथूनच मागे फिरली असती. तिला कुणी लाख दिले असते तरी ती चढली नसती. हो ना?”

हायम आधी चढला. मग वळून त्याने तिच्याकडे हात केला.

“सांभाळून ये,” तो म्हणाला. “मध्ये फट आहे.”