बाप्तिस्म्याचा वाडगा

मित्रांनो, सोलापुरातल्या एका जुन्या चर्चच्या कपाटात मी राहतो. मी पितळेचा वाडगा आहे. लहान बाळांच्या बाप्तिस्म्याचं पाणी माझ्यात भरतात, म्हणून मला बाप्तिस्म्याचा वाडगा म्हणतात.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. मी कशासाठी लागणार, हे त्याला ठाऊकही नव्हतं. चर्चमध्ये आलो आणि माझं भाग्य उजळलं. नाताळच्या आधी बायका मला चिंचेने घासत. पाळकसाहेब बाळाला हातावर घेत, माझ्यातलं पाणी त्याच्या टाळूवर लावत आणि सगळ्या मंडळीसमोर त्याचं नाव मोठ्याने उच्चारत. कुणी रडे, कुणी टकमक बघे. पुढे तरुण मंडळी पुण्याला गेली, बाप्तिस्मे कमी झाले. मी महिनोन्महिने कपाटातच पडून राहू लागलो. माझ्यावर हिरवट डाग चढले.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी शमुवेल पाळकसाहेबांनी मला घाईघाईने पिशवीत घातलं. आम्ही इस्पितळात गेलो. चर्चमध्ये लहानाची मोठी झालेली वैजयंती तिथे बाळंत झाली होती. बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. शेवटची घटका आईजवळ जावी म्हणून बाळ तिच्या कुशीत दिलं होतं. तिनेच फोन करून पाळकसाहेबांना बोलावलं होतं.

पाळकसाहेबांनी मला खोलीच्या दाराशी बाकावर ठेवलं आणि माझ्यात पाणी ओतलं. तेवढ्यात वैजयंतीचा नवरा जोतिराम आडवा आला. तो मूळचा करकंबचा, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याची मंडळी, म्हणजे त्याचं चर्च, वेगळं. तिथे मोठेपणी, स्वतः विश्वास धरल्यावरच बाप्तिस्मा देतात.

"पाळकसाहेब, आदी विश्वास, मग पानी," तो म्हणाला. "ज्याला अजून डोळं उघडता येत न्हाईत, त्यानं कसला विश्वास धरायचा?"

"कृपा विश्वासाची वाट बघत थांबत नाही, जोतिराम. देव आधी जवळ घेतो. आपल्याला ते कळतं मागाहून."

"मग पानी लावलं तर तरलं आन् न्हाय लावलं तर बुडलं, असं देव करंल व्हय?"

"असं मी कुठे म्हणतो? बाळ देवाचंच आहे."

"मी बी तेच म्हनतोय की. मग पानी कशाला?"

पाळकसाहेबांनी पिशवीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. जोतिरामने खिशातून आपलं काढलं. दोघेही सज्जन होते. एक वचन इकडून, एक तिकडून. बाळाचं तारण होणार, देव त्याला जवळ घेणार, यावर दोघांचं एकमत होतं, तरी दोघांनाही थांबता येईना. मला वाटे, थांबले तर आतला बाळाचा श्वास ऐकू येईल, त्याची त्यांना भीती वाटत असावी.

मी बाकावर काठोकाठ भरलेला बसून होतो. उघड्या दारातून मला वैजयंती दिसत होती. ती बाळाकडे बघे, मग माझ्याकडे बघे. मला पाय नाहीत, मित्रांनो. तिच्यापर्यंतची ती चार पावलं मला चालता आली नाहीत.

मग आतून नर्सबाई आल्या आणि त्यांनी नुसती मान हलवली.

जोतिरामच्या हातातलं शास्त्र बाकावर पडलं. तो म्हणाला, "पाळकसाहेब, लावा आता पानी. मी आडवत न्हाय."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "गेलेल्या जिवाला बाप्तिस्मा देत नाहीत रे, बाबा."

दोघेही आत जाऊन उभे राहिले. वैजयंती त्यांना म्हणाली, "तुम्ही दोघं त्याच्या तारणाचं बोलत होता. त्याची मला काळजी नव्हती. त्याचं नाव योएल ठेवायचं ठरवलं होतं. चार माणसांसमोर कुणीतरी त्याला त्या नावानं हाक मारावी, आणि ती त्याच्या कानावर पडावी, एवढंच पाहिजे होतं मला."

मला आत घेऊन यायला तिने त्यांना सांगितलं. जोतिरामनेच मला उचलून तिच्यापुढे धरलं. तिने पदराचं टोक माझ्यात बुडवलं आणि बाळाचं तोंड हलक्या हाताने पुसलं. "योएल," ती म्हणाली. पाळकसाहेबांनी तिला अडवलं नाही. त्यांनीही हळूच तेच नाव घेतलं. जोतिरामला मात्र ते उच्चारता आलं नाही. त्याच्या हातात माझ्यातलं पाणी हिंदकळत राहिलं.

तो बाप्तिस्मा होता की नव्हता, मला सांगता येत नाही. मी साधा वाडगा आहे.

आता मी पुन्हा कपाटात आहे. मला घासून लख्ख करा, असं माझं मागणं नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, शिकाल, वादही घालाल. जरूर घाला. पण लेकरू जिच्या कुशीत आहे, तिला काय हवं आहे, ते आधी आत जाऊन विचारा.