बुडवलेलं माप

आईने तोंडातली कवळी काढली आणि थोरल्याच्या टेबलावर आपटली. कवळी एक उडी मारून त्याच्या पदवीच्या चौकटीखाली दात विचकून बसली.

"तिसरी," आई म्हणाली. दात नसल्याने तिचे शब्द ओलसर निघत. राग कोरडा होता. "पहिली निदान बोलताना तरी पडत नव्हती."

"माझं माप बरोबर होतं. तिकडे बिघडवतात."

तिकडे म्हणजे धाकट्याच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये, गल्ली ओलांडून. थोरला भावाचा उल्लेख फक्त दिशेने करत असे. काही वर्षांपूर्वी त्याच्या दातांच्या दवाखान्यातून कुणा पेशंटच्या तोंडातून काढलेलं, रक्त लागलेलं माप तिकडे गेलं, धाकट्याचं बोट कापलेलं होतं, आणि धाकटा रक्तातून पसरणारी कावीळ होऊन महिनोन् महिने अंथरुणावर पडला. "तुझ्या मापातूनच आली," तो म्हणाला. "सिद्ध कर," थोरला म्हणाला. डॉक्टर असल्यामुळे पुराव्याशिवाय वाईट वाटून घ्यायची त्याला सवय नव्हती. तेव्हापासून दोघांत अबोला. धंदा मात्र चालू होता, कारण याला दुसरी बरी लॅब नव्हती आणि त्याला दुसरा बरा दवाखाना नव्हता. दोघांच्या मधे ये-जा करायला त्यांची बहीण, ताई होती. ती दवाखान्याचं काउंटर सांभाळायची आणि मापांचे डबे पोचवायची.

चौथ्या वेळी ताई काउंटर सोडून आतच उभी राहिली. रबराच्या मापाने आईला उमासे येत, म्हणून तिचं माप त्या गुलाबी, झटपट जमणाऱ्या लगद्याचं. थोरल्याने ते नळाखाली धुतलं, जंतुनाशकात बुडवलं, टायमर लावला, वाजल्यावर पुन्हा धुऊन पिशवीत बंद केलं.

"हे कधीपासून करतोस?"

"काय?"

"हे बुडवणं."

थोरल्याने टायमर उगाचच पुसला. "सगळेच करतात."

ताई पिशवी घेऊन निघाली. लॅबमध्ये धाकट्याने हातमोजे चढवले, माप काढलं आणि थेट स्वतःच्या निळ्या टबात सोडलं.

"अरे, बुडवून आणलंय ते!"

"असेल."

"असेल काय? वास येत नाही तुला?"

"येतो की. दर वेळी येतो."

"आणि पुन्हा बुडवलं की काय होतं या लगद्याचं?"

"फुगतो." धाकटा टबाकडे बघत राहिला. "बुडवलंय असं कळवलं नसेल, तर बुडवलेलं नाही असं धरायचं. नियम आहे तो, ताई. मी नाकावर विश्वास ठेवून काम करत नाही. एकदा भावावर ठेवून केलं होतं."

"आईला चावता येत नाहीये रे! तिच्या तोंडात नियम भरवतोस तू."

"मग त्याला सांग, एक फोन कर म्हणावं."

ताईने टबात हात घालून माप उचललं आणि कचऱ्यात फेकलं.

ती परतली तेव्हा आई खुर्चीतच होती. ताईने दोघांसमोर सगळं एका दमात सांगितलं. थोरला ऐकून घेत लगदा कालवत राहिला. "बुडवतो हे सांगायला फोन कशाला? उद्या म्हणेल, हात धुतो तेही कळव," तो म्हणाला, आणि भरलेला ट्रे त्याने आईच्या तोंडात बसवला.

लगदा जमला. थोरल्याने दांडी ओढली. ट्रे हलला नाही. त्याने पुन्हा ओढली.

"आई, तोंड उघड."

आईने उघडलं नाही. हिरड्यांनीच तिने ट्रे गच्च धरला होता. ओठांच्या कडेने लाळ ओघळत होती, डोळे वटारलेले होते. एक बोट उचलून तिने ताईच्या फोनकडे दाखवलं.

"आई, पोरखेळ नको. बाहेर पेशंट आहेत."

बोट हललं नाही. ताईने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन थोरल्याच्या तोंडाशी धरला. पलीकडून कसलंसं यंत्र घरघरत होतं, ते थांबलं.

"आईचं माप पाठवतोय," थोरला म्हणाला. "बुडवून."

"बरं."

थोरल्याने आईकडे पाहिलं. ट्रे तसाच होता.

"हल्ली सगळीच बुडवतो," तो म्हणाला.

"हल्ली," धाकटा म्हणाला. "आणि तेव्हाचं?"

लाळ हनुवटीवरून आईच्या पदरावर ठिबकली. तिने ती पुसली नाही. थोरल्याने एक हातमोजा काढला, मग तोच पुन्हा चढवायला लागला. त्याची बोटं चुकीच्या बोटांत शिरत होती.

"नव्हतं बुडवलं," तो म्हणाला.

पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

आईने तोंड उघडलं. ट्रे अलगद थोरल्याच्या हातात आला. त्याने तो दिव्याखाली धरला. हिरडीची रेघ न् रेघ उमटली होती.