काचेआडची सूचना

जरा जवळ या. आणखी जवळ, काचेला नाक लागेल इतके. हां, आता ऐकू येईल. मी बोलतोय, प्रभाग कार्यालयाच्या व्हरांड्यातला सूचनाफलक. लांबून ओरडायची सोय मला नाही, कारण माझ्यापुढे काच आहे आणि काचेला कुलूप आहे.

मला एका सुतारानं घडवलं. कार्यालयाची कपाटं करून उरलेल्या फळ्यांचा मी. आतून हिरवं कापड, पुढं काचेचं दार. सुतार म्हणाला होता, "कागदच लावायचेत ना? मग काच कशाला, उघडाच ठेवा." तेव्हाचे साहेब म्हणाले, "उघडा ठेवला तर लोक कागद फाडतात, फोटोंना मिशा काढतात." सुतारानं काच बसवली, त्याला दुसरीकडे दारं बसवायला जायचं होतं. मला आजही वाटतं, चार मिशा सोसल्या असत्या मी.

सुरुवातीची वर्षं मात्र फार सुखाची गेली. तेव्हाच्या शिपायाला सगळे किल्लीदादा म्हणत, कारण माझी किल्ली तो गळ्यात दोरीनं बांधून हिंडे. रोज सकाळी तो दार उघडे, जुने कागद काढी, नवे लावी, आणि टाचण्या ओठांत धरून माझ्याशी गप्पा मारी. रस्ता खोदणार, नाला साफ होणार, सभा अमक्या दिवशी. पाणी येणार नाही हे सगळ्यात आधी मी सांगायचो, त्यामुळे शिव्याही सगळ्यात आधी मलाच. पण काचेचं दार उघडलं की आत वारा यायचा. तो वारा मला अजून आठवतो.

मग किल्लीदादा निवृत्त झाला. हार, भाषणं, चहा झाला आणि त्यानं गळ्यातली किल्ली काढून कारकुनाच्या टेबलाच्या खणात टाकली. त्या खणात आधीच चाळीसेक किल्ल्या होत्या. कुठलीच कशाची ते कुणालाच ठाऊक नाही. कारकुनानं दोन दिवस एकेक लावून पाहिली, तिसऱ्या दिवशी कंटाळला. नव्या कुलपासाठी त्यानं रीतसर अर्ज केला. तो अर्ज वरच्या मजल्यावर गेला आणि तिथंच रमला.

तोवर काम थांबवून कसं चालेल? माझी वरची फळी उन्हानं वाकली होती, बोटभर फट पडली होती. कारकून स्टुलावर चढायचा, फटीतून कागद आत सोडायचा आणि फूटपट्टीनं ढकलून सरळ करायचा. मग टेबलावर जाऊन रजिस्टरात लिहायचा, 'सूचना फलकावर लावली', खाली सही. एकदा ती सही झाली की सूचना लागली. मग ती तिरकी पडो, उलटी पडो, कुणी हूं की चूं करायचं नाही. माणूस वाईट नव्हता. तीन जणांचं काम एकट्यावर आलं होतं, दुसरं काय.

आणि आत मी कोंडलेलो. जुने कागद काढायला कुणी नाही, नवे वरून येतच आहेत. तीन वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या सभेचं आमंत्रण मी अजून छातीशी धरून आहे. मधोमध 'नागरिकांची सनद' नावाचं मोठं पोस्टर, फक्त वरच्या दोन टाचण्यांवर लोंबकळणारं. कोणतं काम किती दिवसांत होईल ते त्यात छापलंय. ते वाचून हसणारी माणसंही मी पाहिली आहेत.

एवढं असूनही मला मनापासून वाचणारं एक माणूस होतं. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी कपडे शिवून देणारी बाई, सगळे तिला शिवणताई म्हणायचे. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती सासूला घेऊन यायची. म्हातारीच्या पायाला न भरणारी जखम होती आणि कार्यालयाशेजारच्याच दवाखान्यात रोज पट्टी बदलावी लागे. घरापासून दवाखाना तीनशे पावलं. म्हातारी ती काठी टेकत चालायची, आणि परतताना माझ्याखालच्या बाकावर दम खायला बसायची. तेवढ्यात ताई मला वाचून काढायची, अगदी खालच्या बारीक अक्षरांसकट. महत्त्वाचं असेल ते वहीत उतरवायची, आणि दिवसभर गिऱ्हाइकांची मापं घेता घेता सांगायची. "हात वर करा. बुधवारी पाणी नाही बरं का. आता वळा."

म्हातारीला अक्षर येत नव्हतं. ती वर मान करून विचारायची, "काय म्हणतोय गं आज तुझा फळा?"

"काही नाही आई, आज गप्प आहे."

"गप्प आहे म्हणजे सगळं ठीक असेल," म्हातारी म्हणायची. मला तिचा तो विश्वास फार सुखावायचा. आता तो आठवला की काच फुटून जावी असं वाटतं.

ज्या सोमवारचं मला सांगायचंय, त्या सोमवारी कारकून एक कागद घेऊन स्टुलावर चढला. मी वरचं वाचलं. दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलवण्याचा प्रस्ताव. पंधरा दिवसांत हरकती द्याव्यात, त्यानंतरच्या सभेत निर्णय. कागद फटीत निम्मा गेला असेल नसेल, आतून साहेबांची घंटा वाजली. कारकुनानं घाईनं हात सोडला. कागद घसरला आणि सरळ त्या सनदेच्या मागं जाऊन बसला. कारकून खाली उतरला, साहेबांकडे जाऊन आला, रजिस्टरात लिहिलं, सही केली.

झालं. सूचना लागली. मी सोडून ती कुणालाच दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई आली, सगळं वाचून गेली. तिसऱ्या दिवशी तेच. मी जीव तोडून प्रयत्न केला हो. व्हरांड्यातून वारा आला की काच खडखडवली. बाहेरून जड ट्रक गेला की भिंत हादरते, तेव्हा वाटायचं, आता पडेल कागद खाली. तो इंचभर सरकला आणि सनदेच्या दुमडीत आणखी घट्ट अडकला. ताई इतक्या जवळ उभी असायची की तिच्या श्वासानं काचेवर धुकं यायचं. तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर तिच्या सासूचा पाय होता म्हणा ना, आणि मी मूग गिळून गप्प.

नवव्या दिवशी दवाखान्याचा कंपाउंडर पट्टी बांधून त्यांच्याबरोबर बाहेर आला. हळूच म्हणाला, "ताई, आम्हाला हलवणार म्हणतात. रस्त्यापलीकडे. खरंखोटं माहीत नाही."

ताईनं माझ्याकडे बोट केलं. "असं काही असतं तर इथं लागलं असतं. हलवायचं तर आधी हरकती मागवाव्या लागतात, तो नियमच आहे. मी रोज वाचते."

"मग अफवाच असेल," कंपाउंडर म्हणाला आणि आत गेला.

पुढच्या चार-पाच दिवसांत गल्लीतल्या आणखी कितीतरी जणांनी दुकानात येऊन तिला हेच विचारलं. व्हरांडा आणि दुकान यांत फार अंतर नाही, मला ऐकू यायचं. प्रत्येकाला ती तेच सांगायची, फलकावर नाही, म्हणजे नाही. आणि माणसं निश्चिंत होऊन घरी जायची. हरकत लिहायला बसलेला एक निवृत्त मास्तर तर कागद खिशात घालून परत गेला, कारण शिवणताईनं सांगितलं होतं. तिच्या शब्दाला एवढं वजन होतं, आणि ते वजन माझ्या भरवशावर होतं.

पंधरा दिवस संपले. सभेचं दालन माझ्या भिंतीपलीकडेच आहे, खुर्च्या सरकल्या तरी कळतं. ताई नेहमीसारखी मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसली होती. अध्यक्षबाईंनी एकेक विषय वाचायला घेतला. दिवे, गटारं, मग आवाज आला, "विषय सात. दवाखान्याचं स्थलांतर. हरकती निरंक, एकही नाही. मंजूर समजावा?"

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. "थांबा मॅडम. ही सूचना कधी लागली?"

कारकुनानं रजिस्टर उघडलं. तारीख वाचली.

"मी त्या दिवसापासून रोज फलक वाचते," ताई म्हणाली. वहीची पानं फडफडली. "नव्हती सूचना. माझ्या वहीत बघा, रोजची तारीख आहे."

"रजिस्टरात आहे ना बाई."

"मग चला बाहेर आणि मला दाखवा."

सगळी सभा उठून व्हरांड्यात आली. आयुष्यात एवढी माणसं मी एकदम कधी पाहिली नव्हती. किल्ली कुठंय, किल्ली कुठंय, असं झालं. शेवटी पाणीखात्याच्या माणसानं पेचकस आणून माझ्या बिजागऱ्या खोलल्या. किती वर्षांनी दार निघालं. वारा आत आला, तीन वर्षांपूर्वीचं आमंत्रण फडफडलं. खरं सांगतो, क्षणभर मला बाकी कशाचं भानच राहिलं नाही.

अध्यक्षबाईंनी सनद वर उचलली. दवाखान्याचा कागद घसरत खाली पडला, शिक्क्यासकट, सहीसकट.

मला वाटलं, सुटलो. आता सगळ्यांना कळेल की ताई खरं बोलत होती.

"म्हणजे होती की," अध्यक्षबाई म्हणाल्या.

ताईनं कागद उचलला. "मॅडम, ती दिसत नव्हती. सनदेच्या मागं होती."

"हो, पण फलकात होती, हे तर तुम्हीही बघितलंत. दिसत होती की नाही, ते आम्ही रजिस्टरात लिहीत नाही." त्या काही हसून बोलल्या नाहीत, तेवढं म्हणेन. "मुदत संपलीय. माझाही नाइलाज आहे."

कारकून पांढरा पडला होता. त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. माझ्या पोटातून निघालेला कागद ताईच्या विरुद्ध पुरावा झाला. इतिवृत्तात ओळ पडली, 'सूचना फलकात आढळून आली.' साक्षीदार मी.

महिन्याभरात दवाखाना गेला. मोठा रस्ता, त्यावरची न थांबणारी वाहनं, तो ओलांडायच्या पुलाच्या सत्तावन्न पायऱ्या. म्हातारीला ते झेपणारं नव्हतं. आता कंपाउंडर आठवड्यातून दोनदा घरी जाऊन पट्टी बदलतो, स्वतःच्या सवडीनं. बाकीचे दिवस जखम तशीच. गल्लीत काही जण ताईला बोलले, तूच म्हणालीस ना अफवा आहे. मास्तर तर तिच्या दुकानावरून मान खाली घालून जाऊ लागला. ती माझ्याकडे फिरकेना. मला नवं कुलूप बसलं, चांगलं पितळी. त्याची किल्लीही त्याच खणात पडली.

एकदा मात्र मी म्हातारीचा आवाज ऐकला. दुकानाच्या पायरीवर तिला आणून बसवलं होतं. ताई काहीतरी रागानं म्हणाली असावी, कारण म्हातारी म्हणाली, "त्या फळ्यावर कशाला चिडतेस गं. मी घरात कोंडलेय आणि तो काचेत कोंडलाय. त्यानं बोलावं तरी कसं?"

दुसऱ्या दिवशी ताई आली. मला तिनं वाचलंच नाही. सरळ कारकुनाच्या खिडकीशी गेली. "काल रजिस्टरात काय काय चढवलंत, ते वाचून दाखवा."

कारकुनानं इकडेतिकडे पाहिलं. मग रजिस्टर खिडकीकडे वळवलं. "वाचा ताई. रोज या." मग म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," ताई म्हणाली आणि वहीत उतरवून घेऊ लागली.

मग ती माझ्यासमोर आली, पिशवीतून कापडावर खुणा करायचा तिचा निळा खडू काढला आणि वहीत उतरवलेली सूचना माझ्या काचेवर, बाहेरून, हातभर अक्षरांत लिहायला लागली. नुकत्याच रुजू झालेल्या नव्या शिपायानं सकाळी ते पुसलं. तिनं दुपारी पुन्हा लिहिलं. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी शिपाई फडकं घेऊन आला तेव्हा कारकून म्हणाला, "असू दे. काच पुसायची तर आतून पूस." आतून पुसायला किल्ली सापडायला हवी ना. शिपाई निघून गेला.

आता माणसं थांबतात. परवा मास्तरही थांबला, चष्मा वर करून वाचून गेला, आणि मग दुकानात शिरला. खिशातून जुना कागद काढून म्हणाला, "तारीख तेवढी बदलतो." दवाखाना परत आणावा या मागणीवर आत्तापर्यंत एकशे बारा सह्या झाल्यात. पहिला अंगठा म्हातारीचा आहे.

मी अजून आतच आहे. सनद आहे, जुनं आमंत्रण आहे, हिरवं कापड वाळवीनं कोपऱ्यात खाल्लंय. ताईची अक्षरं मला आतून उलटी दिसतात, त्यांतून जेवढी वाट मोकळी राहते तेवढाच रस्ता दिसतो, आणि खालचा रिकामा बाक. तुमच्या वस्तीतही माझ्यासारखा कुणी असेल. येता-जाता त्याच्या काचेवर टिचकी मारा, आत काय दडलंय ते खिडकीशी जाऊन विचारा. त्याला स्वतःला सांगता येत नाही.

आणि हो, पुढची सभा बुधवारी, सकाळी अकराला. विषय तीन, दवाखाना. त्या दिवशी म्हातारीला खुर्चीत बसवून आणणार आहेत, तेव्हा तुम्हीही या. आज शुक्रवार आहे, पाच दिवस हातात आहेत. या खेपेला मी वेळेवर सांगितलंय.