चार उघडे कोपरे

बाबा राहती पवनचक्की सोडायला तयार झाले ते एकाच अटीवर: तळातल्या गोल खोलीचं लॅमिनेट, म्हणजे जमिनीवरच्या लाकडी पट्ट्या, बरोबर येणार. त्यात नवल नव्हतं. आमच्या नेदरलँड्समधल्या झीलंडमध्ये भाडेकरू घर सोडताना पायाखालची जमीनही उचलून नेतो, मागे नुसता कोबा ठेवतो. चक्कीचे जिने बाबांना झेपेनासे झाले होते. नव्या घरात ते रमतील का, एवढीच मला काळजी. घर बघताना त्यांनी फक्त दिवाणखान्याला टेप लावली आणि म्हणाले, "होईल." मला वाटलं, घर पसंत पडलं.

ते लॅमिनेट आई होती तेव्हा तिनं आणि बाबांनी मिळून बसवलेलं. वळत्या भिंतीला लागून आई लाकडी ठोकळा सरकवायची. ठोकळ्याला बांधलेली पेन्सिल पुठ्ठ्यावर भिंतीचा बाक उमटवायची. मग बाबा त्या पुठ्ठ्याबरहुकूम पट्टी कापायचे, दमट हवेत पट्टी फुगली तर जागा असावी म्हणून बोटभर फट सोडून.

"बाबा, काठाच्या पट्ट्या सरळ भिंतीला लागायच्या नाहीत," मी म्हटलं. "त्या टाकून देऊ."

"नेली," बाबांनी मला हाक मारली, "तू पडदे बघ. जमिनीचं मी आणि योब बघतो."

योब माझा नवरा. शनिवारी मी बोलस, दालचिनीचे ते चिकट पाव, घेऊन नव्या घरी गेले. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थिजले.

खोली चौकोनी. जमीन गोल. परातीसारखी मधोमध पसरलेली, आणि चारी कोपऱ्यांत करडा कोबा उघडा. खुर्ची, टेबल, कपाट सगळं गोलाच्या आत, चक्कीत होतं तसंच.

"मी सांगून बघितलं," योब पुटपुटला. "पण तुझ्या बाबांना सांगायचं म्हणजे..."

"म्हणजे काय, जावईबापू?" आतून बाबा म्हणाले.

"बाबा, हे काय करून ठेवलंत? कपाट भिंतीपासून हातभर लांब! आणि कोपऱ्यांचं काय?"

"कोपऱ्यात बसायची सवय नाही मला." त्यांनी पायानं काठाची एक पट्टी दाखवली. "हिच्या खालच्या अंगाला तुझ्या आईनं खूण केलीय, खिडकीजवळची म्हणून. कुठून कापू सांग."

गाडीत मी नव्या, सरळ पट्ट्यांचा गठ्ठा आणला होता. त्याचा विषय मी काढला नाही. योबनेही काढला नाही.

बाबा खुर्चीत टेकले. "चक्कीपेक्षा उजेड बरा आहे इथं," ते म्हणाले. "कॉफी ठेव."

मी बूट कोब्यावर काढले आणि गोलात पाऊल टाकलं.