बटणाची पाटी

पाट्या लागून जेमतेम तीन तास झाले होते आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता. बाजारात सोळा गल्ल्या, सोळा पाट्या. अक्षरांची वळणं मी इथल्याच जुन्या दुकानांच्या फळ्यांवरून उचलली, कडेची नक्षी जुन्या दारांवरून, आणि प्रत्येक गल्लीला तिच्या धंद्याचं चित्र. टोकाच्या बोळाला चार भोकांचं बटण, त्यात आईचा फुलीचा टाका. खरं सांगायचं तर बाकीच्या पंधरा पाट्या मी या एका पाटीसाठीच केल्या. आईचं बटणांचं दुकान बोळात इतकं आत आहे की वाट चुकल्याशिवाय गिऱ्हाईक तिथे पोचतच नाही.

पहिल्याच वळणावर माझं डोकं फिरलं. पाटीच्या लोखंडी दांड्यावर टोपल्या लटकत होत्या.

"काका, पाटी आहे ती!"

"मग? टोपल्यांचीच गल्ली आहे ना," टोपलीवाले काका म्हणाले. "आता लांबूनसुद्धा कळतं."

पुढच्या पाटीवर दोरखंडं, त्यापुढच्या पाटीवर कुणाचा तरी ओला सदरा. या बाजारात रिकामा खिळा दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. मी इथेच वाढलेली, मला ठाऊक नको? मिस्त्री सांगत होता, पाट्या भिंतीला सपाट ठोका म्हणून. मीच शहाणी! दांडा हवा म्हणून हटून बसले. आता एकेकाशी भांडत, सामान उतरवत पळत होते.

बोळाच्या तोंडाशी आले, तर बटणाच्या पाटीवर छत्री. लाल मुठीची, अख्खी उघडलेली. आईची.

मला हसूच आलं. छत्री काढून मिटली आणि दुकानात शिरले. "घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते खोटं नाही. आई, तूसुद्धा?"

आई हसली नाही. शिडीच्या खालच्या पायरीवर गुडघा दाबत बसली होती. "सकाळपासून नऊ जणी आल्या," ती म्हणाली. "नऊ! आणि प्रत्येकीला वरच्याच डब्यातलं हवं."

"मग चांगलंच की!"

"छत्री मी मुद्दाम लावली गं, पाटी झाकायला. या महिन्यात दुकान बंद करायचं ठरवलंय. तू सहा महिने त्या बटणापायी खपलीस. तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

मला राग आला. तिचा, माझा, त्या मेल्या दांड्याचा. सहा महिन्यांत मी सोळा गल्ल्या पालथ्या घातल्या, ज्याला त्याला विचारलं, तुम्हाला काय हवंय. आईला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

बाहेर पावलं वाजली. एक बाई बोळात आत येत म्हणाली, "बटणं इथेच मिळतात ना? पाटी दिसली."

आई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठायला लागली. मी तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं आणि दारात जाऊन उभी राहिले.

"अलीकडच्या गल्लीत मिळतील, ताई," मी म्हणाले. "कात्रीच्या पाटीखाली शिंपी बसतात, त्यांच्याकडे."

बाई वळली. मी छत्री उचलली आणि तिच्या मागोमाग पाटीकडे निघाले.