पायपेटीचा मुका सूर

मी एक जुनी पायपेटी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी पहिल्यापासून भित्री आहे. कुणी माझं झाकण आपटलं की माझ्या सगळ्या पट्ट्या खडखडतात. उंदराची चाहूल लागली की माझा भाता आखडतो. दमट हवा, ओली छत्री, पाण्याचा पेला हातात घेऊन जवळ येणारा पाहुणा, या सगळ्यांची मला धास्ती वाटते. पण एका वर्षी मी जी भीती अनुभवली तिच्यापुढे उंदीर म्हणजे काहीच नाही. तीच हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझं लाकूड तासलं, कातड्याचा भाता शिवला आणि एकसष्ट पितळी पत्त्या एकेक करून कानाशी धरून घासल्या. या पत्त्यांना रीड म्हणतात. वाजवणाऱ्याने पायांनी खालच्या दोन फळ्या दाबायच्या, बोटांनी वरच्या पट्ट्या दाबायच्या, मग हवा रीडमधून जाते आणि सूर निघतो. खोक्यात घालताना कारागीर म्हणाला, हिला धुळीपासून सांभाळा. तिथे त्या वेळी मी आणि खोकं, दोघंच होतो. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

खोकं उघडलं ते एका शाळेच्या प्रार्थनागृहात. लुथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीची ती शाळा. तोवर पटांगणाच्या एका बाजूला मुलांची शाळा होती, दुसऱ्या बाजूला मुलींची आणि मधे भिंत. मी आले त्याच वर्षी भिंत पाडून दोन्ही शाळा एक केल्या होत्या. पहिल्या दिवशी मुलगे डाव्या दाराने आले, मुली उजव्या दाराने, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या भिंतीला चिकटून बसले. मधले सगळे बाक रिकामे! तेही घाबरलेले, मीही घाबरलेली, त्यामुळे आमचं लगेच जमलं. तेव्हाच्या गाण्याच्या सरांनी दुसऱ्या दिवशी मुलगा-मुलगी न बघता आवाज बघून सगळ्यांना बसवलं. बारीक आवाज इकडे, जाड आवाज तिकडे. मधले बाक आठवड्याभरात भरले.

या शाळेची एक शिस्त आहे. पहिल्या तासाआधी सगळी शाळा एकत्र गाते. ज्यांचा गळा चांगला तेच नव्हे, सगळेच. मग वर्ग, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सुतारकाम, शिवण, बागकाम, पितळी वाद्यांचं पथक. मोठ्या मुलांसाठी दृढीकरणाचा वर्ग असतो. आपला विश्वास मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने कसा सांगायचा, ते पाळकसाहेब तिथे शिकवतात. सुतारकाम मुलींना सक्तीचं आणि शिवण मुलग्यांना. त्यावरून सुरुवातीला पालकांनी नाकं मुरडली. पुढे घरोघरी डगमगती स्टुलं नीट उभी राहू लागली, शर्टांची बटणं जागेवर आली, तेव्हा तीच माणसं ऐटीत सांगू लागली की आमची मुलगी रंधा मारते.

आणखी एक रीत सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. मोठ्या उपासनेला गीताचं एक कडवं मुली म्हणतात, एक मुलगे, एक सगळे मिळून, आणि एक कडवं मी एकटी वाजवते. त्या वेळी बाकीच्यांनी तोंड मिटायचं आणि पुस्तकातले शब्द मनात वाचायचे. आमच्याकडे त्याला मिटलेलं कडवं म्हणतात. त्यात मला लपायला जागा नसते.

त्या सरांनंतर गाण्याच्या बाई आल्या. याच शाळेत शिकलेल्या, आणि पुढे एकोणतीस वर्षं मला वाजवणाऱ्या. त्यांचा हात फार मायेचा. रोज मऊ फडक्याने पुसायच्या, पोटात डांबरगोळ्या ठेवायच्या, माझं झाकण बंद करताना खाली बोट धरायच्या म्हणजे आवाज होऊ नये. वाजवताना मुलांकडे पाठ होते म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर एक लांबट आरसा लावून घेतला होता. त्या आरशात मागची सगळी शाळा दिसायची. पाहुणे येत, माझं कौतुक करत आणि मी आतल्या आत फुगत असे.

मग नवे मुख्याध्यापक आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं टापटीप लागायचं, आणि मी तर आता धापा टाकत होते. एका दुपारी ते पाळकसाहेबांशी माझ्यासमोरच बोलले. वर्धापनदिनाची उपासना होऊ द्या, मग ही पेटी कोठीत टाकू आणि गाणी यंत्रावर लावू. बाईंनाही विश्रांती मिळेल. किती गोड शब्दांत सांगितलं बघा! माझं मात्र धाबं दणाणलं.

पण त्याहून मोठी भीती माझ्या आतच वाढत होती. बाई हल्ली फळ्या जोरजोराने दाबत होत्या. मुलांनी मागून काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी आरशात त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. आणि एका सोमवारी माझ्या उजवीकडचा एक बारीक सूर अचानक बंद पडला. बाईंनी ती पट्टी दाबली, मी काहीच बोलले नाही, आणि बाईंचा चेहरा जराही हलला नाही. त्या पुढे वाजवत राहिल्या.

मित्रांनो, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. माझा सूर गेला याचं मला इतकं वाटलं नाही. बाईंना तो गेलेला कळला नाही, याने मी हादरले. बाईंना बारीक आवाज ऐकू येत नव्हते आणि त्या ते सगळ्यांपासून लपवत होत्या. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तर पट्टी दाबल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

रोजच्या गाण्यात साडेतीनशे गळ्यांखाली माझ्या सुरांतलं भोक झाकलं जायचं. पण वर्धापनदिनासाठी शाळेच्या गायकवृंदाची तालीम होती, तिथे बाईंनी मिटलेलं कडवं वाजवलं, आणि प्रत्येक ओळीत एकेकदा, अशी चार ठिकाणी चक्क शांतता पडली. गाणाऱ्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. लगेच भोंग्याने त्याचा पाय तुडवला. भोंगा म्हणजे सर्वांत जाड आवाजाचा मुलगा. त्याच्या शेजारी पटाशी उभी होती. सुतारकामातली हुशार मुलगी, कमरेला कायम पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, खोचलेली, म्हणून ते नाव. ती हसली नाही. बाईंच्या पाठीकडे बघत राहिली आणि तिला सगळं समजलं.

बाई गेल्यावर दोघं बाक पुसण्याच्या निमित्ताने मागे थांबली. पटाशीचं म्हणणं होतं की रीडमध्ये धूळ अडकली असणार, पाच मिनिटांचं काम आहे. भोंगा म्हणाला, मग काढून टाक. पण बाईंच्या परवानगीशिवाय मला उघडायचं नाही असा नियम, आणि परवानगी मागायची तर सूर बंद आहे हे सांगावं लागणार. म्हणजे बाईंना तो ऐकू आला नाही हेही सांगावं लागणार. तेवढं बोलून दोघं फडकी ठेवून निघून गेली. पाच आठवडे ती दोघं रोज माझ्यासमोरून जीव मुठीत धरून जात होती. तीही सांगेनात, बाईही सांगेनात, आणि मी मधे बसून रोज दिवस मोजत होते.

शेवटी पटाशीने तोडगा काढला. तो सूर आला की बारीक आवाजाच्या पाच मुलामुलींनी ओठ मिटून गुणगुणायचं. भोक बुजेल, कुणाला कळणार नाही.

तो दिवस उजाडला. प्रार्थनागृह खच्चून भरलं. पहिल्या बाकावर मुख्याध्यापक बसले होते. मुलींचं कडवं झालं, मुलग्यांचं झालं, सगळ्यांचं झालं. पुस्तकं उघडली, तोंडं मिटली. बाईंनी पाय फळ्यांवर ठेवले. मी तर अशी घाबरले होते की उरलेले साठ सूरही जागेवर राहतील की नाही याची मला खात्री नव्हती.

पहिल्या ओळीतलं भोक आलं. पाच गळे गुणगुणले. सूर इतका उंच की मिटल्या ओठांतून तो जेमतेम निघाला. बाकांवरच्या मुलांनी माना वर केल्या. या शाळेत कुणी गायला लागलं की बाकीच्यांनी गप्प बसायची सवयच नाही हो! दुसऱ्या ओळीत तो सूर वीसपंचवीस जणांनी दिला. तिसऱ्या ओळीत अर्ध्या शाळेने, तोंड उघडून. चौथ्या ओळीत अख्ख्या प्रार्थनागृहाने तो एकच सूर गायला आणि तोंडं परत मिटली.

बाईंनी आरशात बघितलं. मिटलेल्या कडव्यात साडेतीनशे तोंडं एकदम उघडलेली त्यांना दिसली, आणि आपलं बोट कुठल्या पट्टीवर आहे तेही दिसलं. त्यांचे पाय थांबले. माझा श्वास तुटायला आला. आता संपलं, मला वाटलं. मग फळी पुन्हा खाली गेली आणि बाईंनी शेवटचे चार सूर शांतपणे पुरे केले.

उपासना संपून माणसं बाहेर गेली तरी बाई उठल्या नाहीत. त्यांनी ती पट्टी दाबली आणि दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या लाकडावर टेकवला. शेजारची पट्टी दाबली तेव्हा लाकूड थरथरलं, पुन्हा ती दाबली तेव्हा नाही. मग खूण करून त्यांनी मागे रेंगाळलेल्या पटाशी आणि भोंग्याला जवळ बोलावलं.

"कधीपासून?"

"पाच आठवडे झाले, बाई," पटाशी म्हणाली.

"मला सांगितलं का नाही?"

भोंग्याच्या जाड आवाजाचा पार चुरा झाला होता. "तुम्हाला घालवून देतील म्हणून."

बाई जराशा हसल्या. "मीही त्याच भीतीने कुणाला सांगितलं नाही."

दारात मुख्याध्यापक उभे होते. त्यांना पाहून बाई उठल्या आणि कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, "सर, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली." मुख्याध्यापक आत येऊन माझ्याजवळ उभे राहिले. त्यांनी विचारलं की पेटीचं काय.

"पेटीला काही झालेलं नाही, सर. नुसती धूळ आहे," पटाशी म्हणाली, आणि बाईंकडे वळून तिने हात पुढे केला. "उघडू?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्या मुलीने माझी मागची फळी उतरवली आणि आकड्याने रीड बाहेर ओढली. रीडमध्ये धूळ नव्हती. रंधा मारताना उडते तशी लाकडाची एक इवलीशी ढलपी होती. सुतारकामातून तडक गाण्याच्या तालमीला येणारं, बाह्या न झटकणारं त्या खोलीत एकच माणूस होतं. पटाशी कानापर्यंत लाल झाली. मुख्याध्यापक सगळ्यांत आधी हसले, आणि कोठीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

पुढे बाईंनी कानाला यंत्र लावलं. त्याने बोलणं कळतं, पण माझे बारीक सूर नीट कळत नाहीत. वर्षअखेरीपर्यंत त्यांनी पटाशीला वाजवायला शिकवलं आणि माझ्यासमोरच्या बाकावरून कायमच्या उठल्या. मला वाटलं, आता त्या यायच्या नाहीत. त्या दिवसांत मी फार रडवेली झाले होते. पण दुसऱ्याच सोमवारी माझ्या शेजारी एक खुर्ची आली, आणि तिच्यावर बाई.

तर मित्रांनो, झाकण हळू लावा, बाह्या झटकून या, धूळ पुसा, हे तर सांगतेच. पण तुमच्या ओळखीच्या कुणाचा एखादा सूर बंद पडलेला दिसला, तर पाच आठवडे घाबरत बसू नका. जवळ जाऊन प्रेमाने सांगा. आणि तुमचा स्वतःचा बंद पडला, तर तुम्हीच आधी सांगा.

मी अजूनही भित्रीच आहे. पण बाई रोज येतात, माझ्या कुशीला तळवा लावून बसतात आणि सगळी शाळा गाते. परवा गाणं चालू असतानाच त्यांनी पटाशीच्या दंडाला हलकेच बोट लावलं आणि खालच्या एका पट्टीकडे खूण केली. तिथला एक सूर बसत चालला होता. पटाशीच्या कानांना ते अजून कळलंही नव्हतं.